राउंड पुढे गेल्यावर आजींना काय सांगायचं?

प्रश्न : मॅडम, मी विदर्भातल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजात एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकले, वडील शेती करतात. सध्या सर्जरीचं पोस्टिंग आहे. मागच्या आठवड्यात राउंडवर सरांनी एका आजींच्या पोटातल्या गाठीवर आम्हाला बराच वेळ शिकवलं. सगळं इंग्लिशमध्ये, ‘मायटोटिक’ वगैरे शब्द वापरून. आम्ही एकेकाने आजींचं पोट तपासलं. राउंड पुढच्या खाटेकडे गेला तेव्हा आजींनी माझा ॲप्रन धरला. ‘‘काय म्हणे वं डाक्टर? बरी होईन ना मी?’’ मी म्हटलं, ‘‘काही नाही आजी, व्हाल बऱ्या,’’ आणि सटकले. नंतर त्यांच्या मुलाने मला जिन्यात गाठलं. ‘‘ताई, आईले काही सांगू नका, खचून जाईन ते.’’ तेव्हापासून त्या खाटेकडे जायची हिंमत होत नाही.

दुसरं असं, की माझ्या बॅचमधली परराज्यांतली मुलं केस घेताना मला ओढून नेतात. ‘‘यार, मेरे पेशंट को ज़रा पूछ दे ना.’’ माझी केस अर्धी राहते. तिसरं, आमचे जेआर (ज्युनिअर रेसिडेंट, म्हणजे वॉर्डातले शिकाऊ डॉक्टर) पेशंटना सरसकट अरे-तुरे करतात आणि परवा माझ्याही तोंडून एका म्हाताऱ्या बाबांना ‘‘ए बाबा, ऊठ’’ निघालं. आणि सरांसमोर केस मांडायची वेळ आली की इंग्लिश तोंडातून फुटत नाही. मी नेमकी कुठल्या बाजूची, तेच कळेनासं झालंय.
— गोंधळलेली

उत्तर : प्रिय गोंधळलेली,

‘आधी आजींकडे जाऊन ये’ एवढं तुला पत्र मिळालं त्याच दिवशी कळवलं होतं. बाकीचं इथे सविस्तर लिहिते, कारण असंच पत्र नर्सिंगच्या मुली लिहितात, इंटर्न लिहितात आणि एकदा तर पेशंटच्या सुनेनेही लिहिलं होतं.

‘‘काही नाही, व्हाल बऱ्या’’ हे वाक्य कुठल्याही वॉर्डात दिवसभर ऐकू येतं. त्यात कुणाचा वाईट हेतू नसतो. पण आजी जन्मभर माणसं ओळखत आलेल्या आहेत. डझनभर पोरं पोट चाचपून जातात, मोठे डॉक्टर गंभीर चेहऱ्याने बोलतात आणि शेवटी एक मुलगी नजर चुकवून ‘काही नाही’ म्हणते, यावरून त्यांनी ताडायचं ते ताडलेलं असतं. म्हणजे तुझ्या उत्तराने त्यांची काळजी तसूभर कमी झाली नाही. उलट, इथे आपल्याला कुणी काही सांगणार नाही, एवढं मात्र त्यांना पक्कं कळलं.

तरीही निदान तू सांगायचं नाहीस. हे अगदी स्पष्ट लिहिते, कारण तुझ्या पत्रात अपराधीपणाचा सूर आहे आणि त्या भरात तू भलतंच काही करून बसशील. बायोप्सीचा रिपोर्ट आला नसेल तर सरांनी राउंडवर सांगितली ती शंका आहे, निदान नाही. शिवाय ‘मग आता पुढे काय?’ असं आजींनी विचारलं तर ऑपरेशन होणार की नाही, कधी होणार, किती खर्च येणार, यातलं तुला काहीच माहीत नाही. अर्धी बातमी देऊन निघून जाणं हे ‘काही नाही’ म्हणण्याइतकंच वाईट.

मात्र ‘काही नाही’ आणि ‘कॅन्सर आहे’ यांच्या मधे बोलण्यासारखं खूप काही आहे. खाटेजवळचं स्टूल ओढून बस (उभ्याने बोललेलं पेशंटला नेहमी घाईचंच वाटतं) आणि म्हण, ‘‘आजी, मी इथे शिकते, अजून डॉक्टर झालेले नाही. पोटात गाठ लागतेय, ती कशाची आहे हे बघायला तपासण्या चालू आहेत. त्याबद्दल मोठे डॉक्टर तुमच्याशी बोलतील. तुम्हाला विचारायचंय हे मी त्यांना आजच सांगते. तुमच्या मनात काय आहे, ते मला सांगा.’’ यातलं एकही वाक्य खोटं नाही आणि एकही तुझ्या अधिकाराबाहेरचं नाही. मग खरोखरच जेआरकडे जा आणि सांग की अमुक खाटेवरच्या आजी विचारतायत, संध्याकाळच्या राउंडला पाच मिनिटं बोलता येईल का? तू निरोप पोचवला नाहीस, तर हे सगळं बोलणं फुकट.

आणि ‘मनात काय आहे’ हे मनापासून विचार. मी मेडिसिन शिकवायचे तेव्हा विद्यार्थ्यांना हा प्रश्न सक्तीने विचारायला लावायचे. आम्ही धरून चालायचो की माणूस मरणाला भ्यालाय. उत्तरं यायची ती अशी : म्हैस शेजाऱ्याकडे बांधून आलोय, तो धार काढतोय की नाही कुणास ठाऊक. नातीचं लग्न ठरलंय, तोवर घरी जाईन का? औषधाला पैसे लागले तर पोरगा शेत गहाण टाकेल. यातल्या निम्म्या काळज्यांवर त्याच इमारतीत इलाज असतो. जनआरोग्य योजनेचे आरोग्यमित्र खाली बसलेले असतात, समाजसेवा अधीक्षक असतात. आजींना त्यांच्यापर्यंत नेणं तुला आजही जमेल, त्याला एमडी व्हावं लागत नाही.

आता ‘मायटोटिक’बद्दल. आपल्या वॉर्डांची ही जुनी सांकेतिक बोली आहे. कॅन्सरला ‘मायटोटिक’, एचआयव्हीला ‘रेट्रो’, दारू पिणाऱ्याला ‘इथॅनॉलिक’ आणि क्षयाला ‘कॉक्स’. रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू १८८२ साली जगाला दाखवला आणि आपण त्याच्याच नावाआड पेशंटपासून क्षय लपवतो, ही गंमतच म्हणायची. पण या बोलीला नुसती नावं ठेवू नयेत. जनरल वॉर्डात दोन खाटांमधे हातभर अंतर, पडदा असलाच तर तो गुंडाळून दांडीवर टाकलेला. तिथे मोठ्याने ‘टीबी’ म्हटलं की संध्याकाळच्या आत शेजारच्या खाटेवरून बातमी गावात पोचते आणि माणसाचं पाण्याचं भांडं वेगळं होतं. त्यावर कुणीतरी काढलेली ही पळवाट. बिघडतं ते पुढे. शेजाऱ्यापासून झाकायला काढलेला शब्द, ज्याचा आजार त्याच्यापासूनच झाकायला वापरला जातो. क्षयाचं साधं औषध सहा महिने चालतं. आपल्याला ‘छातीत थोडं इन्फेक्शन’ आहे एवढंच ज्याला सांगितलं, तो दीड-दोन महिन्यांनी ताप उतरला, वजन वाढलं, की गोळ्या बंद करतो. आपण वर त्यालाच विचारतो, गोळ्या का सोडल्या?

तुझा राग इंग्लिशवर निघाला आहे असं पत्रावरून वाटलं. माझा तेवढा नाही. राउंडवर इंग्लिश चालणारच. पाठ्यपुस्तकं त्यात आहेत, परीक्षा त्यात आहे, तुझ्या बॅचमधल्या मुलांना एकमेकांशी जोडणारी भाषाही तीच. मध्य प्रदेशाने ऑक्टोबर २०२२मध्ये एमबीबीएसची पहिल्या वर्षाची पुस्तकं हिंदीत काढली, त्यावर आपल्याकडेही कडाक्याचे वाद झाले. ते वाद खुशाल होऊ देत. पण पुस्तक कुठल्याही भाषेतलं असलं तरी खाटेवरचं माणूस तिथे नसल्यासारखं बोलता येतंच. ‘‘हिची सोनोग्राफी झाली का? मग हिला बुधवारी घ्या,’’ हे अस्सल मराठी आहे आणि बाईला त्यातलं अक्षर न् अक्षर कळतं. तिला बरं वाटतं का?

माझ्या उमेदवारीत एक वरिष्ठ सर्जन होते, अतिशय तापट. विद्यार्थ्यांना फाडून खायचे. पण एक खाट सोडून दुसरीकडे जाण्याआधी थांबायचे आणि पेशंटकडे तोंड करून बोलायचे : ‘‘मावशी, एवढा वेळ आम्ही तुमच्याबद्दलच बोललो. या पोरांना मी गाठ कशी तपासायची ते शिकवत होतो. उद्या एक फोटो काढायचाय, त्यानंतर मी तुम्हाला नीट सांगेन. आत्ता काही विचारायचंय?’’ बहुतेक वेळा पेशंट ‘नाही’ म्हणायचा. घड्याळ लावलं तर अर्धा मिनिटसुद्धा भरला नसता. पोरांनी पोट चाचपलं त्याबद्दल ते वर ‘‘त्रास दिला तुम्हाला’’ असंही म्हणायचे. राउंड त्यांचाही इंग्लिशच असायचा.

मुलाचं बघू. त्याला खलनायक ठरवू नकोस. आईला जपणं म्हणजे तिच्यापासून लपवणं, असंच घरोघरी चालतं. त्याने जिन्यात गाठलं तेव्हा तो स्वतःच घाबरलेला असणार. त्याला ‘हो, नाही सांगत’ असं वचन देऊ नकोस आणि रुग्णहक्कांचं भाषणही ऐकवू नकोस. त्याला एवढंच विचार, ‘‘दादा, आईला काय काय अंदाज आलाय असं तुम्हाला वाटतं?’’ बहुतेक मुलं यावर गप्प होतात, कारण आईला पुष्कळ कळलंय हे त्यांनाही ठाऊक असतं. वाईट बातमी कशी सांगावी यासाठी कॅन्सरच्या डॉक्टरांनी २००० साली सहा पायऱ्यांची एक पद्धत मांडली, ‘स्पाइक्स’ म्हणतात तिला, तुमच्या एटकॉमच्या, म्हणजे वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद शिकवणाऱ्या, तासांना येईलच. तिची दुसरी पायरी म्हणजे पेशंटला आधीच काय माहीत आहे ते विचारणं आणि तिसरी, त्याला किती जाणून घ्यायचंय ते विचारणं. सांगणं त्यानंतर. पुष्कळ आज्या तिसऱ्या पायरीवरच सांगतात, ‘‘मले नका सांगू बाप्पा, पोराले सांगा.’’ ठीक आहे, तो त्यांचा निर्णय. पण तो त्यांना घेऊ द्यावा लागतो. हे बोलणं अर्थातच सरांनी किंवा जेआरने करायचं. तू शेजारी उभी राहा आणि बघ.

याच्याच पोटात सहीचा प्रश्न येतो. तू लिहिलं नाहीस, पण आज ना उद्या गडबडीत तुला कुणीतरी म्हणेल, ‘‘तुला मराठी येतं ना, त्या बाईला समजावून कन्सेंटवर सही घेऊन ये.’’ घेऊ नकोस. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा हा खटला वाच. बाईंनी दुर्बिणीच्या तपासणीला संमती दिली होती. त्या भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या त्यांच्या आईची संमती घेऊन गर्भाशय काढलं गेलं. जानेवारी २००८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की तपासणीची परवानगी म्हणजे शस्त्रक्रियेची परवानगी नव्हे, आणि सज्ञान, जाणत्या बाईच्या वतीने आईची संमती चालत नाही. उपचार काय, कशासाठी, त्यात धोके कोणते, दुसरे पर्याय कोणते, हे सांगितल्यावर मिळते ती खरी संमती. हे सगळं तिसऱ्या वर्षाच्या मुलीने सांगायचं नसतं. तू जेआरला म्हण, ‘‘सर, तुम्ही समजावून सांगा, मी शेजारी थांबून मराठीत सांगते.’’ एवढं म्हटल्यावर सहसा कुणी नाही म्हणत नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८मध्ये रुग्णहक्कांची सनद तयार केली, तिच्यात माहिती पेशंटला समजेल अशा भाषेत द्यावी असं लिहिलेलं आहे. तुमच्या ओपीडीच्या भिंतीवर तिचा फलक असेल. नसेल तर असायला हवा.

आता तुझी बॅच. या मुलांचा दोष नाही. सरकारी कॉलेजांतल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात, म्हणून ती इथे आली. २०१९पासूनच्या नव्या अभ्यासक्रमात सुरुवातीच्या फाउंडेशन कोर्समध्ये स्थानिक भाषेचे तास ठेवलेत, पण ते कसे होतात हे तुला मी सांगायला नको. ‘माझे नाव अमुक आहे’पर्यंत येऊन संपतात. तर मदत कर, पण पद्धत बदल. त्यांच्या वतीने पेशंटशी तू बोलायचं बंद कर. त्यांनी स्वतः विचारायचं, मोडकंतोडकं का होईना, आणि अडलं तिथे तू पुरवायचं. ‘‘मावशी, कुठे दुखता?’’ असं विचारणाऱ्या केरळच्या मुलाला वॉर्डातल्या बाया जेवढा जीव लावतात तेवढा माझ्यासारख्या पुणेरी बोलणारीला कधी लावला नाही, याची मला थोडी असूया आहे. पंधरा-वीस प्रश्न तू त्यांना देवनागरीत लिहून दे. हिंदीवाल्यांना लिपीची अडचण नाही, बाकीच्यांना त्यांच्या लिपीत लिहून घेऊ दे. आणि मधे बोलावंच लागलं तर पेशंट जे बोलला तेच सांगायचं, स्वतःच्या निदानाला सोयीचं तेवढं नव्हे. ‘‘जेवल्यावर पोट फुगल्यासारखं होते आन् मंग जीव घाबरते’’ याचं ‘डिस्पेप्सिया’ (अपचन) करून टाकलंस तर घाबरणारा जीव वाटेत सांडला. कदाचित हार्टचा त्रास त्यातच होता.

एक गोष्ट मात्र तुझ्या पत्रात राहून गेली आहे. मराठी म्हणजे पेशंटची भाषा, असं तू धरून चालली आहेस. विदर्भात ते नेहमी खरं नसतं. मेळघाटातून आलेली बाई कोरकू बोलते, गडचिरोलीकडची गोंडी किंवा माडिया. कोरकूचा मराठीशी काडीचा संबंध नाही, ती मुंडा कुळातली भाषा. तिच्यापुढे तुझी मराठी म्हणजे सरांच्या इंग्लिशसारखीच, साहेबांची भाषा. अशा बाईच्या वतीने नवरा बोलतो आणि बाळंतपणाचं, पाळीचं, मारहाणीचं काहीही त्याच्या तोंडून बाहेर येत नाही. तुमच्या हॉस्पिटलात कोरकू किंवा गोंडी येणारी एखादी सिस्टर, एखादी मावशी, एखादा वॉर्डबॉय नक्की असेल. ते कोण, हे शोधून ठेव आणि नाव ड्युटीरूमच्या भिंतीवर लावून टाक.

आता हिस्टरीकडे, म्हणजे पेशंटकडून त्याच्या आजाराची हकिगत काढून घेण्याकडे येते, कारण तुझी मराठी तुला ओझं वाटतेय आणि मला ते बघवत नाही. बॅचमध्ये तुझ्याइतकी चांगली हिस्टरी कुणी घेऊ शकणार नाही. ‘चक्कर येते’ असं पेशंट म्हणाला, की परराज्यातला मुलगा ‘गिडिनेस’ लिहून मोकळा होतो. तू विचारू शकतेस, ‘‘गरगरतं, की डोळ्यांपुढे अंधारी येते?’’ गरगरतं म्हणाला तर कानाकडे आणि मेंदूकडे बघायचं, अंधारी येते म्हणाला तर रक्तदाब, हृदय, रक्त कमी आहे का ते बघायचं. एका प्रश्नात अर्धं काम. ‘छातीत दुखतं’ म्हणाला तर बोट ठेवायला सांग, निम्म्यांचं बोट बेंबीच्या वर जातं. ‘दम लागतो’ आणि ‘दमायला होतं’ यांत फरक आहे, तो तुला सांगावा लागत नाही, तुझ्या मित्राला सांगावा लागतो. किती दिवसांपासून, असं विचारलं तर माणसं ‘लय दिवस झाले’ म्हणतात. ‘‘पोळ्याला होतं का? कापूस वेचायला जात होता तेव्हा?’’ असं विचार, आठवड्याच्या फरकाने तारीख हाती लागते.

‘समजलं का?’ हा प्रश्न मात्र आपल्याकडे निरुपयोगी. डॉक्टरपुढे ‘नाही समजलं’ म्हणणं म्हणजे त्यांचा अपमान, असं वाटणारी आपली माणसं. ती मान डोलावतात आणि बाहेर येऊन मेडिकलवाल्याला विचारतात. त्याऐवजी म्हण, ‘‘घरी सुनेने विचारलं गोळ्या कशा घ्यायच्या, तर काय सांगाल?’’ कुठे घोटाळा झालाय ते लगेच दिसतं.

आणि सुरुवातीला पेशंटला बोलू दे. अमेरिकेत १९८४ साली एक अभ्यास झाला. त्यात पेशंटने सांगायला सुरुवात केल्यापासून सरासरी १८ सेकंदांत डॉक्टरांनी त्याला तोडलं होतं. आपल्याला वाटतं न तोडलं तर तो पुराण लावेल. स्वित्झर्लंडमध्ये बाझेलच्या डॉक्टरांनी ते करून बघितलं, ३३५ पेशंटना मधे न बोलता सांगू दिलं. सरासरी ९२ सेकंदांत माणसं आपणहून थांबली. हे २००२मध्ये छापून आलं. आपल्या ओपीडीची रांग त्यांच्याकडे नाही, कबूल. म्हणून तर हे शिकायची वेळ आत्ता आहे, तू विद्यार्थी असताना. पुढे जेआर झालीस की तुलाही नव्वद सेकंद परवडणार नाहीत. पण कुठे तोडायचं आणि कुठे नाही, एवढं तरी तोवर कळायला लागेल.

आमच्या वॉर्डात हृदय थकलेले एक काका वरचेवर भरती व्हायचे. पायावर सूज, रात्री बसून झोपणं, दर वेळी तेच. फाइलवर दर वेळी तेच शब्द उतरवले जायचे : ‘पुअर कम्प्लायन्स, काउन्सेल्ड’, म्हणजे औषधं नीट घेत नाही, समजावून सांगितलं. शेवटी एका विद्यार्थिनीने त्यांना विचारलं, ‘‘काका, लघवीची गोळी तेवढी राहते का तुमची?’’ काका एस.टी.त कंडक्टर होते. ती गोळी सकाळी घेतली की पुढचे सहा तास लघवी थांबत नाही. भरलेल्या गाडीत, स्टँड दीड तास लांब असताना माणसाने काय करायचं? म्हणून ड्युटीच्या दिवशी ते ती गोळी सरळ सोडून द्यायचे. गोळीची वेळ ड्युटी संपल्यावरची केली, विषय मिटला. ‘काउन्सेल्ड’ लिहिणाऱ्या एकानेही हे विचारलं नव्हतं, कारण आधीच्या पानावर ‘पुअर कम्प्लायन्स’ वाचून त्यांना वाटलं होतं की माणूस कळलाच.

फाइलमधल्या शब्दांचं असं असतं. अमेरिकेत २०१८मध्ये एक प्रयोग छापून आला. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक, फार वेदना देणाऱ्या आजाराच्या एकाच कल्पित पेशंटच्या दोन नोंदी केल्या. एक सरळ भाषेत, दुसरी पेशंटवर संशय घेणाऱ्या भाषेत. वैद्यकीय विद्यार्थी आणि रेसिडेंट मिळून ४१३ जणांना त्या वाचायला दिल्या. दुसरी नोंद वाचणाऱ्यांचं पेशंटबद्दलचं मत वाईट झालं आणि वेदनेवरच्या उपचारातही त्यांनी हात आखडता घेतला. सिकलसेल विदर्भाला नवा नाही, तुझ्या वॉर्डात कण्हणारा मुलगा असेल आणि त्याला ‘नाटकी’ म्हणणारंही कुणी असेल. म्हणून लिहिताना ‘पेशंट ऐकत नाही’ असं न लिहिता ‘गोळी आठवड्यातून तीनदा राहते, कारण अमुक’ असं लिही. कारण माहीत नसेल तर आधी विचारून ये.

अरे-तुरेचं थोडं गुंतागुंतीचं आहे. वऱ्हाडात ‘तू’ म्हणण्यात नेहमी उणेपणा नसतो. आजी तुला तूच म्हणतात, आणि तुझ्या गावच्या एखाद्या काकूला तू ‘काकू, तू बस’ म्हणत असशील. ते घरचं झालं. वॉर्डात मात्र समोरचा ‘साहेब, साहेब’ करत हात जोडतो आणि पंचविशीचा पोरगा त्याला ‘‘ए, सरक’’ म्हणतो, तिथे घरचं काही उरत नाही. तुझ्या तोंडून ‘‘ए बाबा, ऊठ’’ निघालं ते असंच, ऐकून ऐकून. त्याचा फार बाऊ करू नकोस. पेशंटला ‘अहो’ने हाक मार, पहिल्यांदा नाव विचार आणि नावाला बाई किंवा भाऊ लाव. ‘आजी’ जपून वापर, उन्हातान्हात राबलेल्या पन्नाशीच्या बाया साठीच्या दिसतात आणि त्यांना ते आवडत नाही. ‘चौदा नंबर’ हे शब्द ड्युटीरूममध्ये ठेव, पेशंटच्या कानावर जाऊ देऊ नकोस. बास.

जेआरवर मात्र भडकण्याआधी त्याची ड्युटी बघ. सलग दोन रात्री न झोपलेला, जेवायला न मिळालेला, कॅज्युअल्टीत नातेवाइकांचा घोळका अंगावर आलेला मुलगा गोड बोलत नाही. त्याला सुधारणं तुझं काम नाही. त्याचा एखादा निरोप तू नीट शब्दांत पेशंटपर्यंत पोचवलास तर भांडणं कमी होतात, हे त्यालाही लवकरच कळेल.

राहिलं तुझं इंग्लिश. सरांसमोर जे लागतं ते इंग्लिश फार थोडं आहे. शंभरेक क्रियापदं-नामं, ठरलेला क्रम, ठरलेली वाक्यं. पेशंटचं वय, गाव, काम, त्रास कोणता आणि किती दिवस, हे पहिलं वाक्य रोज एकदा मोठ्याने म्हण, हॉस्टेलच्या आरशासमोर म्हण, मैत्रिणीसमोर म्हण. तुझ्या त्या परराज्यातल्या मित्रमैत्रिणींनाच याला बसव. तू त्यांची मराठी दुरुस्त करतेस, त्यांनी तुझं प्रेझेंटेशन ऐकायचं. फुकट कुणाचंच काही करायचं नाही. अडखळलीस तरी हिस्टरी पक्की असेल तर चांगला परीक्षक ओळखतो. वाईट परीक्षकाचं माझ्याकडे औषध नाही.

आणि हो, आजींचा प्रसंग एटकॉमच्या लॉगबुकात लिही. सरांचं नाव न घालता, काय घडलं आणि तू काय बोललीस, तेवढंच. पुढच्या वेळी काय बोलशील ते खाली लिही. विभागात एटकॉम बघणाऱ्या मॅडम किंवा सर असतील, त्यांना विचार की या विषयावर बॅचचा एक तास खाटेजवळच घेता येईल का. तुझ्या सरांना हे आवडेल की नाही, सांगता येत नाही. काहींना आवडतं, काही म्हणतात ‘आम्हाला शिकवू नका’. म्हणाले तर ‘हो सर’ म्हण आणि राउंड पुढे गेल्यावर स्टूल ओढून बस.

कोरकू येणारं कुणी सापडलं का, ते मात्र कळव.

तुझी,
डॉक्टर मावशी